चार चुण्यांची पँट

१९९८ सालच्या मार्चमध्ये मास्तरांनी स्वतःसाठी तिसरी ढगळ पँट शिवली आणि बायकोला सांगितले, "आता उकाडा सुरू होईल ना."

मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या गावात अजूनही तयार कपडे घालणाऱ्याला लोक आळशी समजत, आणि मास्तरांच्या दुकानात बाकावर बसायला जागा नसे. तीस वर्षे त्यांनी जगाच्या कमरेला टेप लावली होती. पण स्वतःच्या डाव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला, तेव्हा आरशात बघायचीही त्यांना लाज वाटली. उभे राहिले, खोकले की तो वर येई. आडवे झाले की गायब. त्यांनी कोटाच्या कॅनव्हासचा पट्टा शिवला, आत कापसाची गादी घातली, वरून चार चुण्यांची पँट चढवली आणि खोलीला आतून कडी लावून कपडे बदलायला सुरुवात केली.

गंमत म्हणजे ती पँट लोकांना आवडली. पहिले गिऱ्हाईक बायकोचा थोरला भाऊ. ते व्यायामशाळा चालवायचे. त्यांना सगळे पहिलवान म्हणत.

"मास्तर, मलाही अशाच दोन शिवा."

"या, माप घेतो."

"माप कशाला? जुनं आहे ना? दोन इंच सैल धरा."

"अहो, पण टेप तरी..."

"टेप नको म्हटलं ना!" पहिलवान दोन पावले मागे सरकले.

मापाशिवाय कात्री न उचलणाऱ्या मास्तरांना तिथेच शंका यायला हवी होती. पण त्यांचा पट्टा तेव्हा असा काचत होता की सगळे लक्ष तिकडे.

मग एका दुपारी फुगवटा अर्धा तास आत जाईना. मास्तर घाबरले आणि दुकान अर्धे लावून सर्जनकडे गेले.

"माझ्या एका नातेवाइकाला त्रास आहे," ते खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले.

"कोणत्या बाजूला?"

"डाव्या." हात आपोआप तिकडे गेला. तो त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. "हर्निया दिसतोय. पोटाची भिंत तिथं विरते आणि आतडं बाहेर डोकावतं."

"कापड विरल्यासारखं?"

"अगदी. पट्ट्यानं ते दाबून धरता येतं, बरं होत नाही. ऑपरेशन करून घ्यावं. एकतर छेद घेऊन जाळी बसवायची, नाहीतर तीन छोट्या भोकांतून दुर्बिणीनं."

"जाळी म्हणजे ठिगळ?" मास्तरांना ते धंद्याच्या दृष्टीनेही अपमानाचे वाटले. "नुसते टाके नाही चालणार?"

"विरलेलं कापड ओढून शिवलं तर काय होतं?"

"शेजारी फाटतं," मास्तर नाइलाजाने म्हणाले.

"मग? आणि त्यांना सांगा, तो आत जायचा थांबला, दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर तडक इकडे यायचं. जिवावर बेततं."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: 'डाव्या बाजूचा हर्निया. नातेवाइकांना तपासणीसाठी आणणे.' पँट धुवायला टाकताना ती चिठ्ठी बायकोच्या हाती लागली.

"हे कुणाचं?"

मास्तरांना दुसरा जवळचा नातेवाईक आठवेना. "तुझ्या दादाचं."

"अगंबाई! आणि तो वजनं उचलतोय?"

"बोलू नकोस कुठं. त्यांना लाज वाटते."

"लाज? लाजेपायी जीव घालवायचा? कसला मूर्ख माणूस!"

मास्तरांनी मान खाली घातली.

बायको तशीच चपला अडकवून व्यायामशाळेत गेली आणि सगळ्या पोरांसमोर ओरडली, "दादा, ठेव ते वजन खाली!" तासाभरात तिघे दवाखान्यात होते. पहिलवान लालबुंद होऊन बसले होते. रागाने, असे मास्तरांना वाटले. आता तपासणीत काही निघणार नाही आणि आपण उघडे पडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होते.

पडद्यामागून डॉक्टर बाहेर आले. "आहे. हर्नियाच आहे."

मास्तर खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले.

"पण यांचा उजवीकडं आहे." डॉक्टरांनी चिठ्ठी उलगडली. "मग डावीकडचा कोणाचा?"

बायकोची नजर पँटच्या चार चुण्यांवर आली आणि तिथेच थांबली.

"माझा," मास्तर पुटपुटले.

"म्हणजे ती कडी... मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"माझी? सव्वीस वर्षांनंतर?" तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि ती एकदम हसायलाही लागली. आतून पहिलवान ओरडले, "मास्तर, टेप न लावता ओळखलंत की हो माझं!"

दोघांची ऑपरेशने एका आठवड्यात झाली. पहिलवानांनी दुर्बीण निवडली, पोरांना मोठा व्रण दिसायला नको म्हणून. पुढे तेच नव्या पोराला पहिल्या दिवशी हर्नियाची गोष्ट सांगत. ऐंशी वर्षे जगले. मास्तरांनी छेद घेऊन करवले, आणि आधी जाळी मागून घेऊन चिमटीत चाचपली. "वीण बरी आहे," म्हणाले. डॉक्टर निवृत्त होईपर्यंत मास्तरांकडूनच कपडे शिवून घेत. बायकोने खोलीची कडी उपटून टाकली. दारावर कडीच्या खिळ्यांची भोके शेवटपर्यंत राहिली.

मास्तरांनी आणखी चौदा वर्षे दुकान चालवले. कोणी "माप नको, जरा सैल धरा" म्हणाले, की ते टेप खाली ठेवून डॉक्टरांचा पत्ता लिहून देत. असे नऊ जण त्यांनी पाठवले. सात खरे निघाले. उरलेल्या दोघांना नुसती ढगळ पँट हवी होती. ते पुन्हा कधी दुकानाची पायरी चढले नाहीत.