राव मामांचा सर्व्हर

अण्णा नगरच्या आमच्या इमारतीतले राव मामा संगणकाच्या पडद्याला "या" म्हणतात. त्यांची वेबसाइट कुणी उघडली की ती कुठून उघडली ते सांगणारी एक ओळ त्यांच्या पडद्यावर उमटते. मामा लुंगीसारखी वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीत बसलेले असतात, ते बसल्याबसल्याच पाहुण्याचं स्वागत करतात.

वेबसाइटवर रोज एकच गोष्ट मोठ्या अक्षरांत असते: आज घरी काय शिजलं. कधी सारु, कधी डांगर पछडी. ती दाखवणारा सर्व्हर मात्र मामांनी स्वतः, पहिल्या ओळीपासून लिहिलाय. "तयार मिळतो की," मी एकदा म्हणालो. मी नागपूरचा, ते तंजावरी मराठी. "जेवणही मिळतें हॉटेलांत," मामा म्हणाले.

परवा संगणकाची सिस्टिम अपडेट झाली आणि पाहुणे यायचेच थांबले. मामांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. त्यांच्या संगणकावर वेबसाइट उघडत होती. मग मामांनी मला माझा मोबाइल घेऊन, घरचं वायफाय सोडून, फाटकाबाहेर पिटाळलं. तिथे काही केल्या उघडेना.

मी वर आलो तर मामा डोळे मिटून बसलेले. "थाप दारापर्यंत येते रे पा. माझ्या प्रोग्रामला ऐकू जात नाही. मध्ये कोण तरी उभा आहे." आणि खरंच होता. अपडेटने नवा रखवालदार, म्हणजे फायरवॉल, बसवला होता, आणि ज्या प्रोग्रामवर कुठल्या कंपनीची सही नाही त्याच्याकडे तो कुणाला सोडत नव्हता. न बघता हे ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बंदच करा त्याला," मी म्हणालो.

"काय म्हणून? तो त्याचं काम करतो. ओळख करून देऊं, होंदे."

मामांनी आपल्या प्रोग्रामला परवानगी दिली. माझ्या मोबाइलवर वेबसाइट उघडली, त्यांच्या पडद्यावर ओळ आली. मामांनी मला "या"सुद्धा म्हटलं नाही.

"आता कुणाची वाट बघताय?"

"अक्काची. तंजावरांत एकटी असते. कान गेले, फोन उपयोगाचा नाही. आपल्या बोलींत बोलणारं तिथे कुणी उरलं नाही. रोज सकाळीं हें वाचते. तंजावरची ओळ आली की मला कळतें, अक्का उठली. काल आली नाही. आज नाही."

आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. चहा निवून गेला.

मग तंजावरची ओळ उमटली.

मामा खुर्चीतून उठले. दुमडलेली वेष्टी सोडून पायघोळ केली, वडीलधारं माणूस घरात आल्यावर करतात तशी, आणि उभ्यानेच हळू म्हणाले, "या अक्का."

त्यांच्याबरोबर मीही उभा राहिलो.