औदाकाकांची पाहुणी

जुमाने चोवीस पाहुण्यांना उंटावरून समुद्रकाठी नेले आणि बसमध्ये परत चढले तेवीस. त्याने दोनदा मोजले. तिसऱ्यांदा मोजायला लागला, तेव्हा एका जर्मन आजोबांनीच मान हलवून 'तेवीसच' म्हणून सांगितले.

शर्म अल-शेखच्या बंदरातून जहाज सहाला सुटणार होते आणि साडेचार वाजून गेले होते. सहली ठरवणारे नशातसाहेब कैरोचे. त्यांनी सकाळीच दम भरला होता, "एक जरी माणूस मागे राहिलं, तर तुझं काम संपलं. दुसरा उंटवाला बघीन!"

"टोपीवाली बाई ना? ती टेकडीमागं गेली, तुझ्या औदाकाकांकडं," एक उंटवाला म्हणाला.

बस पुढे धाडून जुमा टेकडीकडे पळत सुटला.

बाई राहुटीत गादीवर ऐसपैस बसली होती. समोर निळाशार समुद्र, मागे तांबडे डोंगर आणि चुलीवर रटरटणारी शेळी!

"काका, कापलीत पण?"

"मग? पाहुणी दारात आली, नुसत्या चहावर बोळवू?"

"अहो, ती जहाजावरची आहे! विचारायचं तरी!"

"तीन दिवस पाहुण्याला काही विचारायचं नसतं. बापानं एवढंही शिकवलं नाही तुला?"

जुमाला काकांचा राग आला आणि खरे सांगायचे तर अभिमानही वाटला. घरात शेळ्या उरल्या होत्या पाच; त्यातली सगळ्यात धष्टपुष्ट म्हाताऱ्याने एका अनोळखी बाईसाठी कापली होती. त्याने बाईला इंग्रजीत हळूच विनवले, "बाईसाहेब, चला ना, उशीर होतोय."

"जेवल्याशिवाय उठले तर यांना काय वाटेल?" बाई शांतपणे म्हणाली.

एवढ्यात जीपमधून धापा टाकत नशातसाहेब आले. तोंड उघडणार तोच काकांनी त्यांच्या हातात कॉफीचा पेला दिला. आता पुरे म्हणायचे तर पेला हलवून परत द्यायचा, हे कैरोच्या साहेबांना कोण सांगणार? साहेब रिकामा पेला पुढे करत, काका भरत. सहा पेले झाले, पण साहेबांना शिव्या द्यायला सवड काही मिळेना.

मग परात आली. भात, मटण, वर खरपूस रोटी. बाईने हाताने जेवत दोनदा मागून घेतले. काकांचा चेहरा फुलला.

आणि बंदरातून भोंगा वाजला. लांबलचक.

"गेलं! जहाज गेलं!" साहेब किंचाळले. "जुमा, तू मेलास!"

"जात नाही ते," बाई बोटे पुसत उठली. "माझा दुय्यम अधिकारी मला बोलावतोय. कप्तान मी आहे."

बाईने काकांना वाकून नमस्कार केला आणि जुमाला म्हणाली, "यांना सांग, असं जेवण मी कुठल्याच बंदरात जेवले नाही. येत्या गुरुवारी आम्ही परत येतोय. माझे तीस अधिकारी घेऊन आले तर चालेल?"

जुमाने सांगितले. "तीसच?" काका म्हणाले.

"वा, वा! जुमा, गुरुवारी तूच यांना उंटावरून आणायचं हं!" नशातसाहेब एकदम लाडात आले.

"छे, छे! तो कुठला मोकळा?" काका म्हणाले. "एवढ्या माणसांसाठी शेळ्या कोण आणणार? तो डोंगरात जाईल. उंट तुम्ही हाका, साहेब."

परतीच्या वाटेवर बंदर दिसायला लागल्यावर साहेबांनी हळूच विचारले, "जुमा, उंट चावतात का रे?"