शाळेचं बाळ

बाहुलीचा खोका शाळेत आला आणि मुख्याध्यापकांनी तो न उघडताच ज्योत्स्ना मॅडमच्या टेबलावर ठेवला. शाळेत आलेली प्रत्येक नवी गोष्ट शेवटी याच टेबलावर येऊन थांबत असे. हात धुण्याचा दिवस, जंताच्या गोळ्या, सर्पदंशाची जनजागृती, सगळं मॅडमनीच पार पाडलं होतं. कोसमटोल्याच्या शाळेत बाई त्या एकट्या आणि विज्ञानही त्याच शिकवत. त्यामुळे खोक्यासोबतच्या पत्रात 'किशोरवयीन मातृत्व' एवढं दिसल्यावर मुख्याध्यापकांनी पुढचं वाचलंच नाही.

"हे तुमच्याच विषयातलं हाय, मॅडम," ते म्हणाले आणि पोषण आहाराचा तांदूळ पाहायला निघून गेले.

खोक्यात खऱ्या बाळाच्या वजनाची बाहुली होती. तिच्या पोटात यंत्र होतं आणि ती वाटेल तेव्हा रडायची, शक्यतो रात्री. दहावीच्या प्रत्येक मुलीनं तिला एकेक रात्र घरी न्यायचं, म्हणजे लवकर आई होणं काय असतं ते तिच्या चांगलं लक्षात राहील, अशी कल्पना होती. बाहुलीला बंद करायचं बटण नव्हतं. खऱ्या बाळाला कुठे असतं, असं मॅडमना प्रशिक्षणात हसून सांगितलं होतं. सोबतची दुधाची बाटली तोंडाला लावली की ती गप्प व्हायची. बाटली नसेल तर तिला उचलून फिरत राहायचं, मग ती आवाज जरासा खाली आणायची, इतकंच.

कल्पना चांगली होती, पण ती गावाला कोणी समजावली नव्हती. पहिल्या रात्री मुलीच्या आईनं "पोरगी झोपू दे, सकाळी शाळा हाय" म्हणून बाहुली स्वतःच सांभाळली. दुसऱ्या घरी आजीनं तिला तेल चोळलं आणि गालाला तीट लावली. तिसऱ्या घरून ती नवं झबलं आणि कमरेला काळा दोरा घालून परत आली. चौथ्या घरी तर पाळणा बांधला आणि शेजारणींना घुगऱ्या वाटल्या. मुली रात्रभर छान झोपत होत्या. मुलींना मातृत्वापासून सावध करायला आलेल्या कार्यक्रमाचं गावानं बारसं करून टाकलं होतं.

मॅडमना हसूही येईना. त्या थकल्या होत्या, आणि कारण बाहुली नव्हतं. दोन वर्षांपूर्वी साक्षी नावाची हुशार मुलगी दहावीनंतर दिसेनाशी झाली. परवा ती शाळेचा दाखला न्यायला आली तेव्हा तिच्या कडेवर बाळ होतं आणि ती मॅडमच्या नजरेला नजर देत नव्हती. तिचंही "फक्त साखरपुडा" असंच सुरू झालं होतं. यंदा दिव्यानीची पाळी होती. दिव्यानीला अकरावीला चामोर्शीला जायचं होतं, आणि तिच्या बापानं, धनराजनं, घोट गावचं स्थळ पाहिलं होतं.

मॅडम त्याच्या घरी जाऊन जाऊन दमल्या होत्या. "भाऊ, पोरगी सोळाची आहे. कायद्यानं गुन्हा होते."

"साखरपुड्याले कोणी पकडत नाई, मॅडम," धनराज शांतपणे म्हणायचा. "लगनाचं उन्हाळ्यात पाहू. चहा घ्या तुमी."

बाहुली हजेरीच्या क्रमानं फिरत होती. शनिवारी दिव्यानीचा नंबर लागला आणि मॅडमनी सवयीनं खोका तिच्या हातात दिला. रविवारी सकाळी कपडे पिळता पिळता त्यांना आठवलं, आज धनराजकडे घोटचे पाहुणे येणार. पाहुण्यांसमोर घरात लेकरू रडलं तर मुलीच्या नावाचं काय होईल, आणि त्यानंतर धनराज तिला शाळेची पायरी तरी चढू देईल का? मॅडमनी ओला हात पदराला पुसला आणि गाडी काढली.

त्या पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. पाहुणे पाय धुऊन सतरंजीवर बसलेही होते. मधोमध मुलाची आई रुखमाबाई, शेजारी मामा, आणि कडेला मुलगा आदेश. त्याचं घोटला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं आणि तो मोबाइलमध्ये पाहून केस नीट करत होता. दिव्यानी चहा देत होती. मॅडमना पाहून धनराजचा चेहरा पडला, तरी त्यानं त्यांना खुर्ची दिली.

मॅडम टेकतात न टेकतात तोच आतून टाहो फुटला.

रुखमाबाईंचा कप ओठापाशी थांबला. "घरात लेकरू हाय का, भाऊ?"

"नाई जी," धनराज म्हणाला. "शेजारचं हाय."

"शेजारी तं एक म्हातारा खोकलून राह्यला होता."

"त्याच्याच घरचं."

मामांनी मान वळवून शेजारच्या खोकणाऱ्या वारलूबुवांच्या घराकडे आदरानं पाहिलं. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मॅडम म्हणाल्या, "शाळेचं आहे ते."

"शाळेचं लेकरू?" रुखमाबाईंनी दिव्यानीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे दहावीच्या सगळ्याच पोरींना देतो आम्ही. एकेक रात्र."

मामा चपला शोधू लागले. धनराजनं डोळे मिटले. दिव्यानी मात्र आत गेली आणि झबल्यातली बाहुली सगळ्यांसमोर घेऊन आली. मॅडमनी जमेल तसा खुलासा केला. रुखमाबाई आधी कपाळाला हात लावून बसल्या आणि मग इतक्या हसल्या की चहा सांडला.

"अव्वो, बाहुली होय. मले वाटलं काय न् काय," त्या म्हणाल्या. "बरं झालं पण. पोरी, चुप करून दाखव बरं हिले. पाहू दे तुले जमते का."

दिव्यानी पाठमोरी झाली, बाहुलीवर ओढणी घेतली आणि रडणं पार थांबलं.

"हात पाहा पोरीचा," रुखमाबाई मामांना म्हणाल्या. "आमची तं पसंती हाय, भाऊ."

धनराजचा चेहरा उजळला. त्यानं पसंतीचा नारळ आतून आणायला सांगितलं. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या. त्यांनी स्वतः दिलेल्या बाहुलीनं, त्यांच्या डोळ्यांदेखत, दिव्यानीचं लग्न जुळवलं होतं. त्यांना मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण तेवढी ताकदही उरली नव्हती.

"काकी, एक बोलू का?" दिव्यानीनं रुखमाबाईंना हळूच विचारलं आणि आदेशकडे पाहिलं. "यायलेबी एक रात्र सांभाळा लागते. लेकरू दोघायचं असते, असं मॅडमनं सांगतलं हाय."

मॅडमनी असं काहीही सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाच्या पत्रात मुलांचा उल्लेखच नव्हता. दिव्यानी त्यांच्याकडे एकटक पाहत होती.

"हो," मॅडम म्हणाल्या. "नियमच आहे तसा."

"द्या मंग," आदेश पहिल्यांदाच बोलला. "मी ट्रॅक्टरचं इंजिन खोलतो. ही तं बाहुली हाय."

रुखमाबाईंना गंमत वाटली. नारळ आपण बाहुली परत आणू तेव्हाच घेऊ, असंही त्या म्हणाल्या. दिव्यानीनं बाहुलीचं झबलं नीट केलं आणि ती आदेशच्या मांडीवर ठेवली. पाहुण्यांची जीप गावाबाहेर गेली तरी रडण्याचा आवाज ऐकू येत होता.

सोमवारी शाळा भरायच्या आधीच फाटकात मोटरसायकल उभी होती. आदेशनं बाहुली दुपट्ट्यानं छातीला बांधली होती आणि तो उभ्या उभ्या डुलत होता. त्याचे केस कसेही झाले होते. रुखमाबाई फाटकाला टेकल्या होत्या.

"झोपले नाही का तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"कोण झोपते जी. आई न् मी पाळीपाळीनं अंगणात फिरून राह्यलो. थांबलं की रडते, बसलं की रडते."

"खोलून नाही पाहिली?"

"तिचा स्क्रूच येगळा हाय," आदेश म्हणाला. त्याच्या आवाजात हार होती. "दिव्यानीच्या हाती तं लगेच चुप झालं होतं. मले काऊन नाई जमलं?"

"मॅडम, मी चार लेकरं वाढवले," रुखमाबाई म्हणाल्या. "रात्रीचं जागणं कसं असते ते इसरूनच गेली होती मी. सोळा वर्षाची सून आणली अन् सालभरात लेकरू झालं, तं ते रात्री घेऊन फिरन कोण? मीच ना. माझे गुडघे आता साथ देत नाई."

"मी तं आईले सांगून देल्लं," आदेश म्हणाला, "चार-पाच वर्ष लगनाचं नाव काढू नको."

"पोरगी गुणाची हाय. तवरिक शिकू द्या तिले. धनराजभाऊले आत्ताच जाऊन सांगतो आमी," रुखमाबाई म्हणाल्या आणि कण्हत गाडीवर बसल्या.

मॅडम रडणारी बाहुली घेऊन दहावीच्या वर्गात आल्या. त्यांनी दिव्यानीनं परत आणलेला खोका उपसला, त्यात बाटली नव्हती. आदेशला विचारावं तर मोटरसायकल केव्हाच निघून गेली होती. एवढ्यात दिव्यानी पुढे आली. तिनं दप्तराची चेन उघडली, बाटली काढली आणि बाहुलीच्या तोंडाला लावली. वर्ग शांत झाला.

"माझ्या दप्तरातच राहून गेली होती, मॅडम."

"काल ओढणीखाली हीच होती?"

"हो जी."

"आणि मग दप्तरात राहून गेली."

"चुकून," दिव्यानी म्हणाली. तिचा चेहरा अगदी सरळ होता.

मॅडमना साक्षी आठवली आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. दारातून मुख्याध्यापकांनी डोकावून विचारलं, "मॅडम, त्या कार्यक्रमाचं झालं का? फोटो लागतात वर पाठवाले."

"अर्धा झाला, सर," मॅडम म्हणाल्या. मुलींच्या हजेरीतली नावं अजून बाकी होती, पण ती त्यांनी पाहिली नाहीत. त्यांनी बाहुली उचलली आणि त्या मुलांच्या बाकांकडे वळल्या. पहिल्या बाकावरचा मुलगा मागे सरकला.

"मॅडम, बाटली?" दिव्यानीनं विचारलं.

"राहू दे तुझ्याजवळच," मॅडम म्हणाल्या.