मोटारीचं तोंड घराकडं

मालेगावच्या घरापासून मंगरूळपीरपर्यंत दौलतसिंगच्या मोटारीनं जो आक्रोश मांडला, तसा त्याच्या घरात कुणी गेल्यावरही झाला नव्हता. गिअरचा दांडा सरकवला की खालून खर्रर्र! जात्यात खडे भरडल्यासारखा आवाज. वाटेतले बैल बिथरून शेताच्या धुऱ्यावर चढत आणि मागून गाडीवानांच्या शिव्या येत.

एका लग्नात जाऊबाई मोटारीतून उतरल्या आणि दौलतसिंगची बायको रुपाबाई बैलगाडीतून. तिथून ती जी मंगरूळपीरला माहेरी गेली, ती परतलीच नाही. मग सासऱ्यांचा, हरिसिंगांचा, निरोप आला, "येत्या बाजारापर्यंत पोरीले मोटारीत बसवून न्या, नाहीतं तिचा नाद सोडा." इकडे दौलतसिंगला घर खायला उठलं होतं. त्यानं बदली होऊन निघालेल्या एका साहेबाची जुनी मोटार घेतली आणि घाईघाईनं चालवायला शिकला. आज तोच बाजाराचा दिवस होता.

मंगरूळपीरच्या वेशीवर जमशेद मिस्त्रीचं दुकान. सायकल असो की शिवणयंत्र, सारं त्याच्याकडेच येई.

"मिस्त्री, हिचे दात गेले का हो?"

"दाताले काई नाई झालं. क्लच पुरा दबून नाई राह्यला. तुमचा पाय पाहू."

पाय पाहून जमशेद हसला. सासुरवाडीसाठी घेतलेले करकरीत जोडे, टोकं मिशीसारखी वर वळलेली. पेडल अर्ध्यावर गेलं की टोक समोरच्या फळीला अडायचं.

"बिमारी हेच हाय. जोडे काढा, भाऊ."

"काहून? मी का देवळात चाललो?" दौलतसिंग भडकला. त्यानं रागारागात दांडा ओढला. खर्रर्र, कट्ट! मोटार मागे धावली आणि दांडा जागचा हलेना.

"आता जोडे काढूनबी फायदा नाई," जमशेद म्हणाला. "मागचा गिअर फसला. उद्या पेटी खोलू. तवरक हे मागंच जाईन."

आगीतून फुफाट्यात! पण उद्यापर्यंत थांबलं तर बायको जाणार. रडकुंडीला आलेल्या दौलतसिंगनं मान मागे वळवून, भर बाजारातून, वांग्यांचे ढीग चुकवत उलटी मोटार हाकली. लोक हसत होते. इतकी बेअब्रू होण्यापेक्षा बैलगाडीच काय वाईट होती, असं त्याला वाटलं.

सासऱ्याच्या दारी मोटार लागली तेव्हा रुपाबाईनं खिडकीतून पाहिलं. मोटारीची पाठ दाराकडे, तोंड मालेगावच्या रस्त्याकडे.

"बाबा! ते तं चालले वापस!"

ती गाठोडं छातीशी धरून धावत आली आणि मोटारीत चढून बसली. "एवढा राग? निरोप बाबानं धाडला होता, म्या नाई!"

मागोमाग हरिसिंग आले. त्यांनी हात जोडले. "जावईबापू, दारात येऊन असं तोंड फिरवू नका. आमचं चुकलं."

सासुरवाडीत दौलतसिंगला असा मान कधीच मिळाला नव्हता. त्यानं मागे वळलेली मान सरळ केली.

"आता चाला ना घरी," रुपाबाई लाडानं म्हणाली. सारी गल्ली बघत उभी होती.

दौलतसिंगनं अडकलेल्या दांड्याकडे पाहिलं. "जरा मागं घेतो," तो पुटपुटला.

"मागं काहून?" रुपाबाईनं बोट दाखवलं. "घर तं समोर हाय!"