लिडविनासाठी राखलेली मडकी

आमच्या पाडावान भागात घटपर्णी वाढवावी ती मीच! दुसरं कोणी हे म्हणत नाही, म्हणून मलाच म्हणावं लागतं.

सहा वर्षांपूर्वी मी पानांच्या टोकाला मडकी धरणाऱ्या या झाडाच्या दोन जातींचा संकर केला. एकीच्या नरफुलाचे पराग दुसरीच्या मादीफुलाला काडीने लावायचे होते. ते माझ्या लेकीने, लिडविनाने लावले, आणि महिन्याभरात ती नोकरीला पर्थला गेली. बी रुजलं, रोप वाढलं, ती काही आली नाही. दर फोनला "सुट्टी नाही, बाबा." तिच्या खोलीचा दिवा मी उगाच लावून ठेवायचो. शेवटी एकदा म्हटलं, "तुझ्या झाडाला मडकी धरलीत. चार. लाल ओठांची."

ती म्हणाली, "बघायला येते."

मी घरात फर्मान काढलं. "ही मडकी लिडविनासाठी राखलीत. ती येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही." सासूबाईंनी मान डोलावली. माझं बोलणं त्यांना लगेच पटलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कुचिंगच्या विमानतळावरून लेकीला आणलं आणि थेट झाडापाशी नेलं. झाड नुकतंच जावळ काढलेल्या पोरासारखं उभं!

"आई, मडकी कुठायत?" मी सासूबाईंना विचारलं.

"चुलीवर," सासूबाई म्हणाल्या. "चिकट तांदूळ भरलाय, नारळाचं दूध घातलंय. वाफ येऊ दे."

"अहो, सहा वर्षं जपलं मी ते!"

"मग? ती आल्यावरच काढायची म्हणालात. विमान उतरायच्या वेळेला बरोबर काढली. भात शिजवायचा नाही तर मडकं राखायचं कशाला, जावईबापू? नुसतं बघत बसायला?"

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रानातलं मडकं भातासाठीच आणतात.

लिडविना चुलीपाशीच बसली आणि मडकं सोलून खाऊ लागली. दुसऱ्या मडक्याला तिचे डोळे भरून आले.

"अगं, तू बघायला आली होतीस ना?"

"तांदूळ तिकडे मिळतो, बाबा. नारळाचं दूधही मिळतं. मडकं नाही मिळत."

चौथं तिने अर्धं मला दिलं. सांगायला लाज वाटते, पण चव उत्तम होती.

पाच दिवसांनी विमानतळावर तिने विचारलं, "नवी मडकी कधी धरतील?"

"नाताळापर्यंत," मी ठोकून दिलं.

"मग नाताळात येते."

सासूबाईंनी झाड शेंड्यासकट छाटलंय. वर्षभर काही धरत नाही. म्हणून सध्या मी रानात साधी मडकी हेरत हिंडतोय. नाताळाच्या आदल्या दिवशी चार आणून दोऱ्याने झाडाला टांगणार आहे. तिला फरक लगेच कळेल, शेवटी माझीच लेक. पण तोवर ती आलेली असेल.