चावडीपुढील टाकीच्या तोट्या नाहींशा जाहल्या त्याची हकीकत

श्रीजलदेवता प्रसन्न असो, नसल्यास टँकर तरी येवो. शके एकोणीसशें सत्तावीस, पार्थिवनाम संवत्सरे, वैशाख मासीं, राज्यांत ग्रामोद्धाराचें खातें नांदत होतें, आणि त्याचे कारभारी विसाजीपंत म्हणजे अकलेचा कांदाच. पंतांणीं पांच गांवीं पांच कामें केलीं, नारळ फोडिले, पाट्या लाविल्या, आणि पंतांची पाठ वळतांच चार कामें निजधामास गेलीं. मग हुजुरांची आज्ञा आली कीं, "एक तरी काम जिवंत दाखवा, नाहीं तर राजीनामा दाखवा." पांचव्या गांवची पाण्याची टाकी तेवढी उरली. ती पंतांणीं चावडीपुढें बांधिली होती, कां तर मंडपास आणि खुर्च्यांस जागा ऐसपैस. उद्घाटनानंतर पंत तिकडे फिरकलेच नव्हते. मग हुजुरांस घेऊन पोहोंचले, तों टाकीच्या तिन्ही तोट्या गायब! "चोरी झाली हो!" म्हणोन पंतांणीं आकांत मांडिला. चावडीवरचे म्हातारे बोलिले, "चोरी कसली? कुंभारआळीत जाऊन बघा की." आणि आळींत जातात तों काय! टाकीपासून जमिनीखालून नळ आणिलेला, तोट्या भिंतीस बसविलेल्या, बायांची झुंबड, आणि गजराबाई कुंभारीण पदर खोचून तोटीचा वायसर बदलीत बसलेली. जुन्या चपलेचें रबर कापून चकती स्वहस्तें केलेली.

पंत गरजले, "बाई, कोणाच्या हुकुमानं?" बाई मान वर न करितां बोलिली, "चावडीवर सासरे-दीर बसत्यात. त्यांच्यापुढनं हंडा घिऊन आम्ही सुना जातो व्हय? दोन म्हैनं टाकी भरून व्हती, थेंब न्हाई कुणी नेला. मग आम्हीच चर खांदला." पंत म्हणाले, "अहो, मग मला विचारायचं तरी!" बाई म्हणाली, "टाकी बांधताना तुम्ही आम्हाला इचारलं व्हतं?" मग हुजूर हंसून पुसते जाहले, "पंत, ही युक्ती आपलीच ना?" "होय" पंतांच्या जिभेवर आलेंच होतें, आणि त्यावर नोकरी तरली असती, परंतु बाईनें पाना खालीं ठेवून वर पाहिलें, आणि पंतांस मेल्याहून मेल्यासारिखें जाहलें. बोलिले, "नाहीं जी. माझी अक्कल चावडीपुढें संपली. ही यांची."

येणेंप्रमाणें टाकी टिकली, कारभारी टिकले नाहींत. ज्यांची घागर भरावयाची त्यांस आधीं पुसावें, इतकेंच ज्ञान, तें यावयास पांच गांवें लागलीं. ही बखर लिहिणारे तेच पंत, सांप्रत त्याच आळींत वायसर बदलावयास शिकतात, आणि गजराबाई म्हणते, "हात अजून सरकारीच हाय."