पास झालेल्या माणसाची दाढ

अभ्यास काय, कोणीही करतो. अभ्यासाचं साहित्य निवडायला मात्र जाणती माणसं लागतात, आणि महाराजांच्या राज्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत ती मुबलक होती. (इतर पेठांतही होती, पण मंगळवारवाले ते मानत नसत.)

त्यामुळे लालासाब पिंजाऱ्याचा फक्रुद्दीन पुण्याच्या डॉक्टरीच्या शाळेची प्रवेशपरीक्षा देणार, हे कळताच पेठेनं कमिटी नेमली. अध्यक्ष हंबीरराव. त्यांनी जन्मात एकही परीक्षा दिलेली नसल्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल दुमत नव्हतं.

फक्रुद्दीनचं सगळं या परीक्षेवर होतं. यंदा हुकलं की बापाबरोबर कापूस पिंजायचा, हे घरात ठरलेलं. आणि त्याला तर डॉक्टर व्हायचं होतं, अगदी जीव टाकून व्हायचं होतं.

"पुस्तक हाय की माझ्याकडं," तो म्हणाला. "वाचतो बसून."

"पुस्तक काय, कुणाकडंबी असतंय," हंबीरराव म्हणाले. "गेल्या साली कुरुंदवाडचा बाळासो पास झाला. त्यानं काय केलतं ते बघूया आधी."

बाळासो सुट्टीला घरी आलेले होते. कमिटी कुरुंदवाडला जाऊन रीतसर चौकशी करून परतली. निष्कर्ष असे: बाळासो गोठ्यात, म्हशीशेजारी, उत्तरेला तोंड करून बसत. चुरमुरे खात. अभ्यासाच्या काळात त्यांची डावी दाढ दुखत होती. (पुस्तक कोणतं वाचलं, हे विचारायचं राहून गेलं. तेवढ्यात बासुंदी आली.)

अंमलबजावणी तडफेनं झाली. हंबीररावांनी स्वतःची म्हैस दिली. चुरमुऱ्यांचं पोतं आलं. अडचण फक्त दाढेची. फक्रुद्दीनचे दात ठणठणीत होते, आणि या गंभीर उणिवेची कमिटीनं दखल घेतली. त्याची आई सुलतानबी त्याला उठल्यापासून गुळाचे खडे भरवू लागली. शेजारच्या बायडाबाईंनी काकवी पाठवली.

"आम्मा, जरा वाचू दे की गं!"

"आधी दाढ दुखू दे. मग वाच किती वाचायचं ते!"

शिवाय सराव हवा, म्हणून पेठ आपापली दुखणी घेऊन गोठ्याबाहेर रांगेत उभी राहिली. शंभरातल्या ऐंशी जणांची कंबर दुखत होती. उरलेल्या वीस जणांना आपली दुखत नाही, याचं दुःख होतं. सगळ्यांना तपासता तपासता पुस्तक मांडीवरच राहायचं आणि म्हैस तेवढी त्यात तोंड घालायची.

निघायच्या आदल्या दिवशी दाढ ठणकली. हंबीररावांनी पेठेत साखर वाटली.

दुसऱ्या दिवशी पेठ वाजतगाजत स्टेशनवर पोचली. तिथं मास्तर म्हशीला डब्यात घेईना. कमिटी मास्तरशी हुज्जत घालत राहिली आणि गाडी निघून गेली. डब्यात फक्रुद्दीन होता, त्याची सुजलेली दाढ होती आणि पुस्तक होतं. कोणी हाक मारेना, कोणी कंबर दाखवेना. पहिलं पान उलटताना त्याला रडूच आलं. मिरजेला गाडी बदलली तीही त्यानं वाचत वाचतच. पुण्यापर्यंत त्यानं मान वर केली नाही.

फक्रुद्दीन पास झाला.

परतल्यावर कमिटीनं त्याला घेरलं. "काय केलंस, खरं सांग."

"गाडीत बसून पुस्तक वाचलं, काका. दुसरं काय बी न्हाय."

हंबीरराव गंभीर झाले. "खिडकी डावी का उजवी?"

पुढच्या सालापासून पेठेतले उमेदवार कोल्हापूर ते मिरज आणि मिरज ते कोल्हापूर अशा खेपा घालू लागले. खिडकीसाठी मारामाऱ्या होत. मारामारीत हात मोकळे हवेत म्हणून पुस्तकं घरी ठेवायची पद्धत पडली.

तुम्ही हसताय. हसा. पण फक्रुद्दीननं वाचलं ते पुस्तक कोणतं, हे अजून तुम्हीही विचारलेलं नाही. आणि हो, खिडकी उजवी होती.